पोस्टग्रेसच्या सेटिंग्ज: फाइल हाताने लिहायची की ‘ऑल्टर सिस्टिम’ चालवायची?

ओरॅकलचा डेटाबेस सोडून पोस्टग्रेस या डेटाबेसवर येणाऱ्या टीममध्ये पहिल्याच महिन्यात हा वाद निघतो. सेटिंग्ज ‘पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ’ या मुख्य फाइलमध्ये हाताने लिहायच्या, की ‘ऑल्टर सिस्टिम’ कमांडने बदलायच्या? मी दोन्ही वापरलंय. एकटेच डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) असाल तर कमांड पुरते. तिघे-चौघे एकाच सर्व्हरला हात लावत असाल तर फाइलच घ्या.

कमांड २०१४ साली ९.४ आवृत्तीत आली. ती मुख्य फाइलला शिवत नाही. डेटा डिरेक्टरीतल्या ‘पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ’ या वेगळ्या फाइलमध्ये ओळ लिहिते. ही ऑटो फाइल मुख्य फाइलनंतर वाचली जाते, म्हणून तिच्यातला आकडा वरचढ ठरतो. ओरॅकलच्या एसपीफाइलची (तिथली सेटिंग्जची फाइल) सवय असलेल्यांना हे ओळखीचं वाटतं आणि तिथेच फसगत होते. तिकडे डायनॅमिक (सर्व्हर चालू असताना बदलता येणाऱ्या) पॅरामीटरला ‘स्कोप बोथ’ दिलं की बदल लगेच लागू होतो. इकडे निदान रीलोड (सर्व्हर बंद न करता फाइल पुन्हा वाचायला लावणं) दिल्याशिवाय काही हलत नाही.

कमांडचा मोठा गुण म्हणजे चूक ती तोंडावर सांगते. पॅरामीटरच्या नावात अक्षर चुकलं, एमबीच्या जागी भलतंच काही टाइप झालं, की जागच्या जागी एरर. फाइलमध्ये तीच चूक दबा धरून बसते. रीलोड दिल्यावर सर्व्हर लॉगमध्ये तक्रार नोंदवतो आणि त्या पॅरामीटरच्या जुन्याच आकड्यावर चालत राहतो. लॉग कोणी उघडला नाही तर सगळं आलबेल वाटतं, आणि दोन महिन्यांनी रीस्टार्ट केला की सर्व्हर उठतच नाही. म्हणून फाइलचा रस्ता धरणाऱ्याने प्रत्येक रीलोडआधी ‘पीजी फाइल सेटिंग्ज’ हा व्ह्यू बघायलाच हवा. तो ९.५ पासून आहे. डिस्कवरची फाइल वाचून कुठल्या ओळीत चूक आहे ते आधीच दाखवतो. कमांडवरही डोळे मिटून विसंबू नका. ‘शेअर्ड बफर्स’ला (डेटाबेसच्या सामायिक मेमरीला) मशीनच्या रॅमपेक्षा मोठा आकडा दिलात तरी ती मुकाट घेते.

मग मी फाइलच्या बाजूने का? कारण फाइलमध्ये आकड्याशेजारी कारण लिहिता येतं. ‘महिनाअखेरच्या व्याजाच्या बॅचसाठी वर्क मेम वाढवला’ (वर्क मेम म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) एवढी एक कॉमेंट पुढच्या माणसाचा अख्खा दिवस वाचवते. फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवली की कोणी, कधी, का बदललं तेही कळतं. ऑटो फाइल कमांड दर वेळी नव्याने लिहिते, त्यात कॉमेंट टिकत नाही.

अंधेरीतल्या एका ऑफिसात शनिवारी रात्री आम्ही मुख्य फाइलमध्ये ‘वर्क मेम’ वाढवत होतो, रीलोड देत होतो आणि आकडा जागचा हलत नव्हता. कोणीतरी पूर्वी कमांडने १६ एमबी ठेवला होता, तोच वरचढ ठरत होता. चालू आकडे दाखवणाऱ्या ‘पीजी सेटिंग्ज’ व्ह्यूमधला ‘सोर्सफाइल’ रकाना पाहिला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. ते लक्षात येईपर्यंत शेवटची लोकल गेली होती आणि बदलापूरला राहणाऱ्या आमच्या ज्युनिअर मुलीला घरी पोचवायला गाडी शोधावी लागली. त्या रात्रीपासून मी दोन्ही रस्ते एकत्र चालू देत नाही.

रीस्टार्टच्या बाबतीत मात्र दोन्ही सारखेच. ‘वर्क मेम’ रीलोडवर बदलतो, गाड्या चालू असतानाच काम होतं. ‘शेअर्ड बफर्स’ आणि ‘मॅक्स कनेक्शन्स’ना रविवारचा मेगाब्लॉकच, म्हणजे रीस्टार्ट, लागतो.

ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड डेटाबेस सेवेवर असाल तर हा प्रश्नच नाही: फाइल हाती येत नाही, कमांडही चालत नाही, तिथला पॅरामीटर ग्रुप (सेटिंग्जचा संच) बदलायचा.

स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची, म्हणजे प्रायमरीची, चालती प्रत) असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डेबियन आणि उबुंटूवर मुख्य फाइल ‘ईटीसी’खाली असते, ऑटो फाइल डेटा डिरेक्टरीत. ‘पीजी बेसबॅकअप’ या प्रत काढणाऱ्या साधनाने स्टँडबाय उभा केलात तर ऑटो फाइल सोबत जाते, मुख्य फाइल मागेच राहते. पुढे प्रायमरीवर केलेला बदल कुठल्याच रस्त्याने स्टँडबायवर आपोआप पोचत नाही. तिथे गिटमधली फाइल दोन्हीकडे टाकणं सोपं पडतं.

फाइल निवडलीत आणि आवृत्ती १७ किंवा पुढची असेल, तर मुख्य फाइलमध्ये ‘अलाव ऑल्टर सिस्टिम’ बंद करून टाका. आधीची ऑटो फाइल तरीही वाचली जाते, म्हणून बंद करण्याआधीच तिच्यातल्या ओळी मुख्य फाइलमध्ये आणा आणि ‘ऑल्टर सिस्टिम रीसेट’ने एकेक करून पुसा. स्टँडबायवर ‘रीसेट ऑल’ कधीच नको. आवृत्ती १२ पासून बेसबॅकअप प्रायमरीचा पत्ता त्याच ऑटो फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो, आणि तो पुसला गेला की पुढच्या रीलोडनंतर स्टँडबायला प्रायमरी सापडत नाही.