छोट्या गाडीचा हेडलाईट: एलईडी बल्ब टाकावा की हॅलोजनच नीट करून घ्यावा?

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला काय काय करून घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो, रात्रीचा कुठल्या रस्त्यानं जातोस? बेळगावातच टिळकवाडी, कॅम्प, शहापूर एवढ्यातच फिरणं असेल तर पुढचं वाचायची फार गरज नाही, रस्त्यावर दिवे आहेत, काहीही लावा चालतंय. पण जांबोटी-कणकुंबीकडं, नाहीतर खानापूरवरून लोंढ्याला, नाहीतर हिंडलगा-बाची-शिनोळी करत चंदगडकडं रात्रीचं जाणं असेल तर हँडल बदलणं, जाड टायर वगैरे नंतर बघा, पैसे आधी लाईटला घाला. सायलेन्सरचं तर मी बोलतच नाही, आवाज वाढतो आणि पोलीस थांबवतात, त्यापलीकडं त्यातून काय मिळतं मला अजून कळलेलं नाही. लेगगार्ड मात्र लावून घ्या, त्याचं काम पुढं सांगतो.

खरी निवड दोनातच आहे. आहे त्या होल्डरमध्ये एलईडी बल्ब टाकायचा, की हॅलोजनच ठेवून वायरिंग, रिले आणि डूम (म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट हेडलाईटचा डबा) नीट करून घ्यायचा. माझी 2014 ची सव्वाशे सीसी आहे, दोन्ही प्रकार तिच्यावर वापरून झालेत.

आधी एक बघून घ्या. रेस सोडली की लाईट मंद आणि रेस दिली की लख्ख असं होत असेल तर तुमचा लाईट एसीवर आहे, म्हणजे बॅटरीवर नाही, थेट इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉईलवर चालतोय. त्यात साधा एलईडी टाकला की तो फडफडतो आणि लवकर मरतो. मग डीसी, म्हणजे बॅटरीवर, करून घ्यावंच लागतं, आणि ते करताना नुसती एक वायर बॅटरीला जोडून देणारे पुष्कळ भेटतात, तसं केलं की चार दिवसांत बॅटरी बसते. कॉईलची अर्थिंगची वायर सोडवून फुल वेव्ह रेक्टिफायर (कॉईलच्या पूर्ण एसीचा डीसी करून बॅटरी भरणारा डबा) लावणारा इलेक्ट्रिशियन शोधा. हा खर्च दोन्हीकडं सारखाच धरा.

आता एलईडीचं चांगलं काय ते सांगतो, उगाच नावं ठेवायला नको. करंट कमी ओढतो, खोक्यावर शंभर वॅट लिहिलेलं असलं तरी असले बल्ब बहुतेक पंधरा-वीसच्या आसपासच खातात, त्यामुळं छोट्या बॅटरीला बरं. उजेड पांढरा. सुवर्णसौधच्या बाजूनं हायवेला लागलात तर पहिल्या रात्री वाटतं की अरे हे आधीच का केलं नाही, पुढचा सगळा रस्ता दुधासारखा दिसतो. मधे डिव्हायडर आहे, समोरून येणाऱ्याला त्रास नाही, तो काही बोलत नाही.

बोलायला लागतात ते जांबोटी रस्त्याला. माझ्यापुरतं सगळं इथंच ठरलं. मी डिपरवर, आणि समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर-डिप्पर मारतोय. मी परत बटण बघतोय, डिपरच आहे. त्याला ते कुठं माहीत, त्याला वाटतं हा मुद्दाम अप्पर ठेवून आलाय, मग तो चिडून स्वतःचा अप्पर लावतो आणि तसाच ठेवतो. आता रस्ता अरुंद, दोघांपैकी एकानं साईडपट्टीवर उतरायचं, साईडपट्टी कुठं वीतभर खाली तर कुठं नाहीच, आणि नेमकं त्याच क्षणाला मला पुढचं काही दिसत नाही. म्हणजे जो लाईट मी दिसावं म्हणून लावला त्याच्यामुळंच मी आंधळा. एकदा एक टेंपोवाला थांबूनच म्हणाला, "काय ओ, डोळ्यावर मारूलालाय की!" त्याचं काय चुकलं?

असं का होतं ते आमच्या इलेक्ट्रिशियननं जुना बल्ब हातात देऊन दाखवलं. हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक बारकी वाटी असते. ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपर लावला की रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरूनच उजेड खाली रस्त्यावर पडतो. रिफ्लेक्टरची सगळी घडण त्या तारेच्या जागेवर बेतलेली. एलईडीत तार नाही, पट्टीवर चिप बसवलेली, जाडी वेगळी, जागा थोडी सरकलेली, मग उजेड झाडाच्या शेंड्यावर पण आणि समोरच्याच्या डोळ्यावर पण. चिप डाव्या-उजव्या बाजूला येतील असा बल्ब फिरवून बसवला तर थोडा फरक पडतो, मी तेही करून बघितलं, थोडाच पडतो. तुमच्या गाडीचा रिफ्लेक्टर वेगळा असेल, तुम्हाला कदाचित चांगला अनुभव येईल, नाही म्हणत नाही. पण 2024 च्या जुलैपासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या एलईडींवर केसेस घालायची मोहीम काढली होती, तेही ध्यानात असू द्या.

दुसरं म्हणजे मागं फॅन असलेले बल्ब. त्यांच्यावर डूमचं रबर नीट बसत नाही, आणि आमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस म्हणजे काय ते कणकुंबीच्या माणसाला विचारा. डूमात पाणी, काचेवर आतून वाफ, फॅनमध्ये चिखल. श्रावणात चोर्ला घाटात धुकं असतं तेव्हा तर पांढरा उजेड समोर भिंत उभी केल्यासारखा परत तोंडावर येतो. मापून वगैरे बघितलेलं नाही, पण त्याच घाटात हॅलोजनवर मला निदान पांढरी पट्टी दिसत राहते.

हॅलोजन म्हणजे कंपनीनं दिलेला पिवळट मिणमिणता दिवा असं लोक धरून चालतात. मंद असण्याचं कारण बऱ्याचदा बल्ब नसतोच. करंट बारीक वायरनं हँडलच्या स्विचपर्यंत जातो आणि तिथून परत होल्डरला येतो, वाटेतच व्होल्टेज घटतं. रिले लावला की स्विच फक्त इशारा देतो आणि बल्बला जाड वायरनं बॅटरीवरून सरळ करंट मिळतो. वर एक फ्यूज टाकून घ्या. दहा वर्षांची गाडी असेल तर रिफ्लेक्टरची चमक गेलेली असते, डूमच नवीन घ्या, ओरिजिनल. आणि बल्ब 35/35 वॅटचाच, चांगल्या कंपनीचा. दुकानदार 60/55 चा पुढं करेल, तो चारचाकीचा, थोडी खटपट करून बसतोही, पण होल्डर वितळतो आणि प्लास्टिकचा रिफ्लेक्टर करपतो. त्यात एप्रिल 2017 नंतरच्या गाड्यांचा हेडलाईट बंदच करता येत नाही, म्हणजे तो दिवसभर तापत राहणार.

एवढं केल्यावर एलईडीएवढा झगमगाट येतो का? नाही येत. पण अप्परवर लांब फेकतो, आणि गवा रस्त्यात उभा असेल तर तो काळा ढीग लांबूनच कळायला हवा, चाकापुढचा रस्ता दुधासारखा दिसून काय करायचंय.

पूर्ण एलईडी हेडलाईटचं युनिट हा तिसरा रस्ता. त्यातलं चांगलं असेल तर डिपरची रेघ सरळ येते आणि माझी वरची तक्रार उरत नाही. फक्त चांगलं महाग आहे आणि स्वस्तातलं म्हणजे पुन्हा तोच टेंपोवाला.

आता लेगगार्ड. त्यावर खाली, चाकाच्या धुऱ्याच्या जरा वर, दोन बारके पिवळे फॉग लाईट लावा, वेगळ्या स्विचवर, तोंड खाली करून. धुक्यात आणि साईडपट्टी बघायला ते पुरतात. निपाणी-चिकोडीकडं उसाच्या सिझनला मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, तिथं तर मला ते हवेतच. समोरून कोणी आलं की बंद करायचे, म्हणून स्विच अंगठ्याला लागेल असाच बसवून घ्या, टाकीखाली नको.

कुठलंही लावलंत तरी डूमचा स्क्रू जुळवून घ्या. भिंतीपासून वीस-पंचवीस फुटांवर गाडी सरळ धरायची, मागं माणूस बसवायचा, डिपरचा उजेड हेडलाईटच्या उंचीच्या खाली राहिला पाहिजे. माणूस न बसवता जुळवलात तर डबलसीट गेल्यावर तोंड वर होतंय. आणि हे काम मे महिन्यातच करून घ्या, जूनमध्ये गॅरेजात गर्दी असते, तो जॉइंटवर नुसती टेप गुंडाळून देतो आणि पहिल्याच पावसात टेपच्या आत पाणी जातंय.