निसर्ग वादळ, उडालेली कौले आणि ‘क्लेम मिळवून देणारा’ माणूस

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या गावात क्वचितच एखादे छप्पर धड ठेवले. माझ्या चुलत्यांच्या घराचे मागचे पाखे वासे-रिपांसकट उचकटले गेले, पुढच्या बाजूची कौले फुटली आणि पडवीचे पत्रे शेजारच्या आडव्या झालेल्या पोफळींच्या बागेत सापडले. टाळेबंदीमुळे आम्हा मुंबईकरांना ई-पासशिवाय गावी जाता येत नव्हते, वीज नव्हती, फोन लागत नव्हते, आणि छपराला घालायला ताडपत्रीसुद्धा मिळेनाशी झाली होती. नुकसानभरपाई मिळवून देण्याच्या नावाखाली लुबाडणाऱ्याला याहून सोयीची परिस्थिती कोणती असणार?

चुलत्यांनी काही वर्षांपूर्वी घरदुरुस्तीसाठी बँकेकडून कर्ज घेतले होते. अशा कर्जाबरोबर बँक घराचा विमा उतरवते आणि त्याचा हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. पण पॉलिसीचा कागद बँकेच्या फायलीतच राहिल्यामुळे आपले घर विमा उतरवलेले आहे, याचा पुष्कळ कर्जदारांना पत्ताच नसतो. चुलत्यांनाही तो नव्हता. वादळानंतर आठवड्याभरात गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन तरुण दारात आले आणि ‘तुमच्या कर्जाच्या घराचा विमा आहे, आम्ही क्लेमच्या कामासाठी आलो आहोत,’ असे म्हणाले, तेव्हा ते विमा कंपनीकडूनच आले आहेत असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. ही माहिती त्या दोघांना कोठून मिळाली असावी, याबद्दल मला दाट संशय आहे; मात्र हाती पुरावा नसल्याने तो येथे लिहीत नाही.

त्यांचे बोलणे सगळेच खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते पटले. त्या काळच्या आगविम्याच्या प्रमाणित पॉलिसीत वादळ आणि चक्रीवादळाने झालेले नुकसान खरोखरच धरलेले होते, आणि नुकसान झाल्यावर पंधरा दिवसांत कंपनीकडे लेखी दावा द्यावा, अशी अटही होती. या अटीचाच त्यांनी धाक घातला. ‘काका, मुदत उलटली की एक रुपया मिळणार नाही, तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचे आम्ही बघतो,’ असे सांगून त्यांनी कोऱ्या दावा अर्जावर, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर आणि एका कोऱ्या चेकवर सही घेतली. सर्व्हेअरची, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याची, फी म्हणून पाच हजार रुपये रोख घेतले आणि मंजूर रकमेतील पंचवीस टक्के आमचे, असे ठरवून घेतले. जाताना, कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत छपराला हात लावू नका, अशी ताकीद दिली.

मुदतीची अट सोडली तर यातील प्रत्येक गोष्ट नियमाच्या उलट होती. सर्व्हेअर विमा कंपनी नेमते आणि त्याचे शुल्कही कंपनीच देते. विमाधारकाने त्याला काहीही द्यायचे नसते. विमा नियामक प्राधिकरण ब्रोकर आणि सर्व्हेअर यांना नोंदणी किंवा परवाना देते. टक्केवारीवर दावे मिळवून देणाऱ्यांसाठी तसला कोणताही परवाना नाही. छपराला हात न लावण्याचा सल्ला तर सरळसरळ नुकसान वाढवणारा होता, कारण पुढचे नुकसान टळावे म्हणून शक्य तेवढी काळजी घेणे हे विमाधारकाचेच काम मानले जाते. फोटो काढून, मोडकी कौले आणि पत्रे बाजूला रचून ठेवून तात्पुरते छप्पर झाकले असते तर दाव्याला कोणताही बाध आला नसता. प्रत्यक्षात जूनचा पाऊस माजघरात पडत राहिला, आतल्या मातीच्या भिंतीचा गिलावा ढासळला आणि सर्व्हेअरने ते नुकसान हिशेबात धरले नाही.

सर्वांत धूर्त चलाखी मात्र अर्जातील एका ओळीत होती. दावा अर्जात पत्रव्यवहारासाठी मोबाइल क्रमांक आणि ई-मेल लिहायचा असतो. त्या ठिकाणी त्यांनी स्वतःचे तपशील भरले. त्यामुळे सर्व्हेअरची भेटीची वेळ कळवणारा संदेश, कागदपत्रे मागणारी पत्रे आणि शेवटी दावा नाकारल्याचे पत्र, हे सारे त्यांच्याकडेच गेले. कंपनी काहीच कळवत नाही म्हणून चुलते तिला दोष देत होते, आणि कंपनीच्या लेखी हा विमाधारक पत्रांना उत्तरच देत नव्हता. दरम्यान कोऱ्या चेकवर तेरा हजार रुपये काढले गेले होते.

ई-पास मिळवून मी गावी पोहोचलो आणि कंपनीकडून फायलीतील कागदांच्या प्रती मागवल्या, तेव्हा दावा का नाकारला गेला ते कळले. अर्जाला एका दुकानाचे सहा हजार मंगलोरी कौलांचे बिल जोडलेले होते. मंगलोरी कौले शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात आणि चुलत्यांचे संपूर्ण छप्पर बाराशे चौरस फुटांचे आहे. म्हणजे सगळे छप्पर नव्याने शाकारले तरी अठराशेच्या आसपास कौले पुरावीत. मोजायची फीत घेऊन आलेल्या सर्व्हेअरला ही तफावत दिसली नसती तरच नवल. दाव्यात कोणत्याही प्रकारे लबाडी केल्यास पॉलिसीचे सर्व लाभ जप्त होतात, अशी अट आगविम्यात असते, आणि कंपनीने तिच्यावरच बोट ठेवले. वादळ खरे, उडालेले छप्पर खरे, तलाठ्याचा पंचनामाही खरा. पण चुलत्यांनी कधी पाहिलेही नाही अशा एका बिलामुळे सगळेच खोटे ठरले.

तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो आणि विम्याचा सर्व्हे वेगळा असतो, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण ‘पंचनामा झाला म्हणजे क्लेम झाला’ अशी समजूत मला गावात घरोघर आढळली.

आम्ही प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली, आणि तेथे दाद न लागल्याने विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे गेलो. लोकपालाकडे शुल्क लागत नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात अर्ज करावा लागतो. त्या वेळी आमच्या भागासाठी हे कार्यालय पुण्यात होते. सुनावणी ऑनलाइन झाली. अर्जातील अक्षर चुलत्यांचे नाही, मोबाइल क्रमांक त्यांचा नाही आणि कोऱ्या चेकबद्दल पोलिस ठाण्यात तक्रार दिलेली आहे, हे दाखवल्यावर सर्व्हेअरने प्रत्यक्ष मापे घेऊन काढलेली रक्कम, घसारा (वापराने कमी झालेली किंमत) वजा करून, देण्यास कंपनी राजी झाली. मात्र पॉलिसीवर बँकेचे नाव असल्याने तो पैसा कर्जखात्यात जमा झाला. दारात आलेल्या त्या दोन तरुणांनाही ही गोष्ट ठाऊक असणारच, आणि पंचवीस टक्क्यांची वाट पाहण्याऐवजी आगाऊ रोकड व कोरा चेक घेण्यामागचे कारण बहुधा हेच असावे. पोलिसांना दिलेला त्यांचा मोबाइल क्रमांक आजतागायत बंद आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यालगत गेले, त्यानंतर मालवणकडील माझ्या मावसभावाच्या दारात अशाच बोलीचा एक माणूस क्लेमचे कागद घेऊन आला होता. मावसभावाने पॉलिसीवरील टोल फ्री क्रमांकावर त्याच्यासमोरच फोन लावला आणि आपल्या दाव्यासाठी नेमलेल्या सर्व्हेअरचे नाव व परवाना क्रमांक विचारला. तुमच्या नावाने अजून दावाच नोंदलेला नाही, असे कंपनीकडून उत्तर आले, तेव्हा तो माणूस ओळखपत्र गाडीत राहिल्याचे सांगून अंगणाबाहेर पडला. फोन सुरूच असल्याने मावसभावाने त्याच बोलण्यात आपला दावा स्वतः नोंदवून क्रमांक लिहून घेतला.