मीडिया क्रिएशन टूल: विकत घेतलेलं विंडोज पुन्हा स्वतःच्या हाताने टाकण्यासाठी

लॅपटॉप मंदावला किंवा हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की दुकानात ठरलेलं वाक्य ऐकू येतं: 'फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकून देतो.' मग पुष्कळदा टाकलं जातं ते क्रॅक मारलेलं विंडोज ११ प्रो. तेही अशा लॅपटॉपवर, ज्याच्या किमतीतच होम आवृत्तीचं लायसन भरलेलं असतं. ग्राहकाच्या पदरात पडलेली वस्तू काढून घेऊन तिच्या जागी चोरीची वस्तू देण्याचा हा प्रकार आहे. तो टाळायला मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारं, विंडोज टाकण्याचा पेनड्राइव्ह बनवून देणारं मीडिया क्रिएशन टूल पुरेसं आहे. त्यात उणिवा आहेत, पण मुख्य काम ते चोख करतं.

आधी लायसन कुठे असतं ते पाहू. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या लायसनची २५ अक्षरी की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये), एमएसडीएम नावाच्या तक्त्यात भरलेली असते. विंडोज ७च्या काळात पाठीमागे असणारा कीचा स्टिकर तेव्हाच गेला. त्यामुळे डिस्क बदलली, फॉर्मॅट केली, अगदी जळाली तरी लायसन जागच्या जागी राहतं. 'एसएसडी टाकली, आता विंडोजचे वेगळे पैसे' असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. फक्त फ्रीडॉससह, म्हणजे विंडोजऐवजी एक साधी फुकट प्रणाली घालून विकलेल्या लॅपटॉपमध्ये ही की नसते. तिथे लायसन वेगळं विकत घ्यावंच लागतं.

टूल वापरायला चालू स्थितीतला एखादा विंडोज संगणक, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि साधारण ५ जीबी डेटा लागतो. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे डाउनलोड अर्ध्यात अडकतं, म्हणून ब्रॉडबँड असलेलं बरं. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह दिला तरी टूल त्यावर ३२ जीबीचाच भाग बनवतं, ही खराबी नाही. बाकीची जागा नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून परत मिळवता येते.

उणिवांपैकी पहिली म्हणजे हे टूल फक्त विंडोजवरच चालतं. घरातला एकमेव लॅपटॉप बंद पडला असेल तर शेजाऱ्याकडे जावंच लागतं. दुसरी, बिघाड झाल्यावर ते एक कोड दाखवतं आणि कारण सांगत नाही. सर्वांत वाईट गोष्ट २०२५मध्ये घडली. सप्टेंबरच्या अखेरीस आलेली टूलची आवृत्ती विंडोज १०वर उघडताच कसलाही संदेश न देता बंद व्हायची. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट संपणार होता आणि लोकांना हे टूल नेमकं तेव्हाच लागत होतं. अशा वेळी त्याच पानावरून आयएसओ फाइल (अख्खं विंडोज एकाच फाइलमध्ये) थेट उतरवून रूफस या फुकट प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवायचा, हा पर्याय लक्षात ठेवा. तिसरी उणीव भाषेची. निवडीच्या यादीत अरबी ते युक्रेनियनपर्यंत भाषा आहेत, पण मराठी नाही आणि हिंदीही नाही.

पेनड्राइव्ह तयार झाला म्हणून लगेच फॉर्मॅटला हात घालू नका. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का पाहा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप चालू झालेलं असतं, आणि ते फक्त सी ड्राइव्ह नाही तर डी ड्राइव्हही कुलूपबंद करतं. 'डी ड्राइव्हला हात लावला नाही, फोटो सुरक्षित आहेत' असं समजून सी फॉर्मॅट केला, तर नव्या विंडोजमध्ये डी उघडताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर असते. आधी लिहून ठेवा, किंवा एन्क्रिप्शन बंद करून डिस्कचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा. फोटोंची प्रत मात्र दोन्ही बाबतीत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

दोन ड्रायव्हरही (विंडोजला यंत्राचे भाग ओळखायला लागणाऱ्या फाइली) आधीच पेनड्राइव्हवर घ्या: वायफायचा आणि इंटेल रॅपिड स्टोरेजचा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असते. मग इन्स्टॉल करताना डिस्कची यादी रिकामी दिसते आणि माणूस घाबरतो, डिस्क गेली असं वाटतं. डिस्क शाबूत असते. 'लोड ड्रायव्हर' दाबून रॅपिड स्टोरेजचा फोल्डर दाखवला की ती दिसू लागते. इथे एक चूक नेहमी होते. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली सेटअप फाइल तशीच ठेवली तर ती या खिडकीत चालत नाही. ती आधी उघडून, आत आयएनएफ प्रकारची फाइल दिसेल असा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा लागतो.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेन्यू लागतो. तो उघडायला यंत्र चालू होतानाच दाबायची बटणं अशी: डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. एसरवर एफ१२च, पण ते आधी बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) चालू करावं लागतं.

प्रत्यक्ष इन्स्टॉल सोपं आहे. सेटअप मदरबोर्डमधली की वाचतो आणि आवृत्ती विचारतही नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपसोबत 'होम सिंगल लँग्वेज' येतं आणि ते टूलच्या पेनड्राइव्हमध्ये असतंच. आवृत्ती हाताने निवडून साधं 'होम' टाकलं तर मात्र ती की लागू होत नाही. ज्यांनी नंतर प्रोचं लायसन रीतसर घेतलं आहे, त्यांच्याकडेही आधी होमच टाकलं जातं. नेट जोडल्यावर 'अ‍ॅक्टिव्हेशन'मधला ट्रबलशूटर चालवला की तो प्रोकडे नेतो. जागा निवडताना जुना विंडोजचा भाग आणि डी ड्राइव्ह यांची आकारावरून खातरजमा करा, नावं तिथे दिसतीलच असं नाही. पुढे नेट मागितलं आणि वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळतं. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आता पडताळणी. दुकानातून लॅपटॉप घेताना काउंटरवरच करावी अशी ही तपासणी आहे. विंडोजचं बटण आणि आर दाबा. खिडकीत रोमन लिपीत एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि डी-एल-आय असं लिहा. वर येणाऱ्या चौकटीत आवृत्तीच्या पुढे 'ओईएम डीएम चॅनल' दिसलं तर लॅपटॉपसोबत आलेलं लायसनच वापरलं गेलं आहे. विंडोज ७वरून पूर्वी फुकट अपग्रेड केलेल्या जुन्या यंत्रावर 'रिटेल' दिसू शकतं, त्यात वावगं नाही. पण घरगुती लॅपटॉपवर 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' दिसलं तर ते मोठ्या संस्थांसाठी असलेलं लायसन आहे, जे त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरकडून १८० दिवसांच्या मुदतीवर चालतं. तुमच्याकडे तो सर्व्हर नाही, म्हणजे कोणीतरी खोटा बसवला आहे. शेवटी डी-एल-आयऐवजी एक्स-पी-आर लिहिलं तर खऱ्या लायसनवर 'कायमस्वरूपी अ‍ॅक्टिव्हेटेड' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं आणि केएमएसवर संपण्याची तारीख येते.

मालकीचा प्रश्न इथेच स्पष्ट होतो. मायक्रोसॉफ्टच्या करारात लिहिलंय की सॉफ्टवेअर विकलेलं नाही, वापराचा परवाना दिलेला आहे. यंत्रासोबत आलेला परवाना त्या यंत्राला चिकटलेला असतो. लॅपटॉप विकलात तर तो नव्या मालकाकडे जातो, तुम्ही तो काढून दुसऱ्या लॅपटॉपवर नेऊ शकत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन मात्र जुन्या यंत्रावरून काढून तुमच्याच दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणाऱ्या कींमध्ये संस्थांच्या किंवा जुन्या यंत्रांच्या कीच फिरत असतात. पावती हातात असली तरी परवाना तुमचा झालेला नसतो.

कायद्याने काही हक्क दिलेलेही आहेत. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एए) कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती वापरण्यासाठी आणि हरवू-बिघडू नये म्हणून बॅकअप प्रत करायची मुभा देतं. त्याच कायद्याच्या ६३बी कलमात चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाखांपर्यंत दंड आहे. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात कायमच्या परवान्याची डाउनलोड केलेली प्रतही पुढे विकता येते असा निकाल दिला. म्हणून तिथे वापरलेल्या परवान्यांचा रीतसर बाजार उभा राहिला. भारतातल्या स्वस्त की विकणाऱ्यांनी त्या निकालाचा हवाला दिला तर विश्वास ठेवू नका. तो युरोपीय संघापुरता आहे.

दुकानातच द्यायचं असेल तर जॉब कार्डवर लिहून घ्या: 'लॅपटॉपसोबतचंच होम सिंगल लँग्वेज, प्रो नको.' आणि मायक्रोसॉफ्ट खातं स्वतःच्या ईमेलने उघडा. ज्या लॅपटॉपसोबत ऑफिस होम मिळतं, तिथे ते पहिल्यांदा ज्या खात्यावर चालू केलं त्याच खात्याला जोडलं जातं. घाईत दुकानदाराने आपलं खातं घातलं तर तुमचं ऑफिस त्याच्या नावावर जातं, आणि पुढच्या फॉर्मॅटनंतर ते परत मिळवताना नाकीनऊ येतात.

सिंगल लँग्वेजमध्ये पडद्यावरची भाषा एकच राहते, पण टाइप करायला ते बंधन नाही. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी जोडून तिच्या कीबोर्डमध्ये 'मराठी फोनेटिक' निवडा. मे २०१९च्या अपडेटपासून तो विंडोजमध्येच आहे, बाहेरचं काही उतरवावं लागत नाही.