टायमिंग सरकवलं आणि बोअर-पिस्टनचे २२ हजार नेले

आमच्या आबांचा फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर अजून चालतो. इंग्लंडात कोव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनलेलं हे मॉडेल. आमचं पेट्रोलवर चालू करून गरम झालं की रॉकेलवर घ्यायचं, तसलं. आता नांगरटीला जात नाही, पण पोळ्याला बैलांच्या मागं वेशीपर्यंत निघतंच.

यंदा पोळ्याच्या तोंडावर चालू होईना. परभणीकडून एक मेस्त्री आणला. त्यानं पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट) घासले, ट्रॅक्टर लागला. तेवढ्यावर पैसे घेऊन जायचं, तर त्यानं डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला. मग ओढ गेली, पाव तासात सायलेन्सरचा पाइप लालबुंद आणि रेडिएटर उकळायला लागला. "दादा, इंजिन बसलंय. बोअर-पिस्टन करावं लागंल." म्हणजे इंजिन खोलून सिलिंडर, पिस्टन नवे करायचे. मी हो म्हणालो. ९ दिवस, २२ हजार. परत आला तो झकास चालत. जुने पिस्टन मागितले, तर म्हणे भंगारात गेले.

पोळ्याला पाहुणे म्हणून आलेले एक काका, जन्म पेट्रोल जीपांत गेलेला, हेडच्या (इंजिनाचं वरचं झाकण, ते काढल्याशिवाय पिस्टन निघत नाही) नटांवरून बोट फिरवत म्हणाले, "ह्याचं हेड उघडलंच न्हाई." आम्ही दोन वर्षांपूर्वी दिलेला रंग नटांच्या कोपऱ्यावर जसाच्या तसा होता. पाना लागला असता तर तो उडाला असता.

मग आबांची रेघ आठवली. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बरोबर बसल्यावर त्यांनी छिन्नीनं अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी ब्लॉकवर मारलेली. ट्रॅक्टर नेण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलीनं मोबाइलवर फोटो काढले होते. त्यात रेघेचे दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकलेले. आज एका सरळ ओळीत. म्हणजे मेस्त्रीनं ठिणगी मागं नेली होती, ती उशिरा पडत होती. पिस्टन खाली निघाल्यावर पेट्रोल पेटतं, म्हणून ताकद जाते आणि आग पाइपात जाते. पिस्टन-रिंगा धड होत्या. मला त्याच्या पैशापेक्षा आबांच्या खुणेशी खेळल्याचं जास्त लागलं.

काकांनी तपासायचं दाखवलं. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा, हँडल हळू फिरवायचं. हवा जोरात बाहेर ढकलली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. त्या वेळी पिस्टन वर आला, की रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा काटा) एक नंबरच्या वायरीकडं हवा. क्रँक दोनदा फिरते तेव्हा डिस्ट्रिब्युटर एकदा, म्हणून दुसऱ्या खेपेला पिस्टन वर असूनही रोटर उलटाच दिसतो, तिथं गफलत होते. वायरींचा क्रम १-३-४-२. मग पॉइंटच्या तारेला आणि बॉडीला बल्ब जोडून स्विच चालू करायचा. पॉइंट सुटतो त्या क्षणी बल्ब लागतो, ठिणगी तिथंच पडते. अंगठ्याला चारही सिलिंडरची हवा सारखीच जोरात लागत असेल, तर बोअर-पिस्टनला हात लावू देऊ नका. काम झालंच तर जुने पार्ट समोर मोजून घ्या.

मेस्त्रीचा फोन तेव्हापासून बंद आहे. पोळा झाल्यावर मी रेघेवर आणि हेडच्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, आणि फोटो काढून ठेवले.