वीजबिल: बँकेतून, यूपीआयने की ऑटोपेवर?

आमचं फोंड्याचं घर वर्षातले आठ-नऊ महिने बंद. मुलगा बोटीवर, आम्ही दोघं पणजीत. चवथीला कुलूप उघडलं की गेटात खोचलेली वीजबिलं मिळायची, पावसाने लगदा झालेली. रक्कम शंभर-दोनशेची, पण विलंब आकार दर बिलात वाढलेला.

अशा घराचं बिल कुठून भरायचं? आधी एक गैरसमज काढून टाका. बँकेच्या अ‍ॅपमधून भरा की यूपीआय अ‍ॅपमधून, वीज खात्याचं बिल दोन्हीकडे ‘भारत कनेक्ट’ (आधीचं नाव ‘भारत बिलपे’) या बिलं भरण्याच्या एकाच यंत्रणेतून जातं. त्यामुळे कुठलं जलद हा प्रश्नच नाही. फरक पडतो आठवण, पावती आणि तक्रार यांत.

यूपीआय अ‍ॅप सोपं खरं, पण काही अ‍ॅप बिलामागे दोन-चार रुपये फी लावतात, आणि पैसे अडकले की गाठ चॅटवरच्या यंत्राशी. बँकेत ग्राहक क्रमांक एकदाच नोंदवायचा. बिल तयार झालं की तिथे दिसतं, खात्याच्या उताऱ्यात नोंद राहते, आणि अडलंच तर शाखेत जाऊन विचारता येतं. क्रमांक टाकल्यावर येणारं नाव मात्र वाचा. आमचं मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांचं नाव दिसलं की आकडे बरोबर पडले असं मी समजते. एकदा एक आकडा चुकला, तर कोणा अनोळखी माणसाचं बिल समोर आलं. नाव न वाचता भरलं असतं तर गेलेच होते पैसे.

ऑटोपेचा मोह बंद घराला सर्वांत जास्त, आणि जपायचंही तिथेच. घर बंद म्हणून मीटर वाचता आला नाही तर सरासरीचं बिल येऊ शकतं, आणि ऑटोपे ते मुकाट्याने भरून टाकतं. म्हणून कमाल मर्यादा घाला. मी दीड हजार ठेवली आहे. त्यापुढचं बिल आपोआप भरलं जात नाही; ते हाताने भरायचं, नाहीतर विलंब आकार आहेच. कार्डावर किंवा यूपीआयवर ऑटोपे लावलं असेल तर पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो. तो वाचायला हवा.

क्रेडिट कार्डाच्या बिलाचं गणित वेगळं. तिथे मी डोळे मिटून ऑटोपे म्हणेन, पण ‘मिनिमम’वर, म्हणजे किमान देय रकमेवर नव्हे, पूर्ण रकमेवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही. ही सवलत शुल्कापुरतीच, व्याजाला लागू नाही. आणि खात्यात शिल्लक नसली तर ऑटोपे परत जातं, मग बँकेचा दंड वेगळा, कार्डाचा वेगळा.

काउंटर? रांग लावायची हौस असेल तर जा.

हाताने भरणार असाल तर शेवटचा दिवस गाठू नका. जुलैत एकदा ऐन शेवटच्या संध्याकाळी वीज गेली, रेंज एका काडीवर, आणि स्क्रीनवर ‘पेंडिंग’. पैसे खात्यातून गेलेले, बिल तसंच. पुन्हा भरावं तर दोनदा जाणार, थांबावं तर तारीख उलटणार. दुसऱ्या दिवशी पावती आली, पण रात्र गेली ती गेलीच. आता पेन्शन 1 तारखेला जमा झाली की 3 तारखेला बँकेचं अ‍ॅप उघडते आणि समोर असतील ती सगळी बिलं एका बैठकीत भरून टाकते.