1/24 ट्रक किट, आठेक महिन्यांनंतर: बाकी सगळं जमलं, टायरनी घात केला

या किटला (खऱ्या ट्रकच्या चोविसाव्या भागाएवढं, सुटे भाग जोडून बनवायचं प्लास्टिकचं मॉडेल) मी पहिल्या महिन्यात पाचपैकी साडेचार स्टार दिले होते, ते आधी परत घेतो. नवीन आकडा खाली येईल, कारण लिहिता लिहिता माझंच मत अजून हलतंय. कारण एकच, टायर. इंजिन मस्त आहे, दरवाजे फिट बसतात, केबिन टिल्ट होते, डिकल शीट (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रा-अक्षरांचा कागद) छान, सगळं मान्य. पण सगळा ट्रक उभा कशावर राहतो, तर त्या काळ्या मऊ व्हिनाइलच्या टायरांवर, आणि कंपनीने कंजूसपणा केलाय तो नेमका तिथे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हा असला मऊ टायर बऱ्याच ट्रक किटांत येतो, एकट्यालाच कशाला बदनाम करा.

झालं असं की मे महिन्यात धूळ झटकायला मॉडेल शोकेसमधून काढलं तर मागचं जोडचाक जागचं हलेना. जरा जोर लावला तर टायरसोबत रिमची कडच सोलून आली आणि आतलं प्लास्टिक चघळलेल्या च्युइंगमसारखं झालेलं. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो, तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि पॉलिस्टायरिनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, लागला की ते वितळवतो. उन्हाळ्यात हे प्रकरण जास्त जोरात चालतं. नाशिक म्हणजे थंड हवा हे आता फक्त पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं, आमच्या सिडकोतल्या स्लॅबखालच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये बसून दाखवा मग बोलू. उपाय काय, तर रिम आणि टायरच्या मध्ये ॲल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी घालायची, बस, एवढंच. जुन्या लोकांना हे माहीत असतं. पण पानंच्या पानं सूचना छापणाऱ्या कंपनीला ही एक ओळ छापता आली नाही? खिडकीची काच कुठल्या गोंदाने चिकटवायची याचं चित्र आहे, आणि टायर रिम खाईल याचं नाही.

आता विक्रेत्याची कथा. ऑनलाइन घेतलेला, कस्टम-बिस्टम धरून सात हजाराच्या आसपास पडला. फोटो पाठवले तर पहिलं उत्तर, अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा. अहो आठ महिन्यांपूर्वी उघडलेल्या खोक्याचा व्हिडिओ आता कुठून आणू, आणि खोका उघडताना टायरने रिम खाल्लेलं दिसणार होतं का? दुसरं उत्तर, तुम्ही रिमचा क्रोम काढलाय म्हणजे प्रॉडक्ट मॉडिफाय केलंय, त्यामुळे बदलून मिळणार नाही. इथे मात्र माझी सटकली. कारण स्टेपनीच्या रिमला मी हात लावलेला नव्हता, क्रोम जसाच्या तसा, आणि टायरखाली तीसुद्धा मऊ पडलेली. हे खरंय की क्रोम असलेली कमी खराब झाली आणि उतरवलेल्या जास्त, पण खराब दोन्ही झाल्या. तो फोटो पाठवल्यावर तिसरं उत्तर आलं, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. म्हणजे अजून एक असाच ट्रक घ्या आणि अजून रिम वितळवा!

बरं, क्रोम का काढला ते सांगतो कारण मॉडिफायचा सगळा मुद्दाच तो आहे. किटमधला क्रोम इतका चकचकीत असतो की ट्रक लगेच खेळणं वाटतो. आडगावच्या ट्रक टर्मिनलला उभं राहून बघा, दहा टायरीच्या रिमला क्रोम दिसतोय का? चांदी रंग, त्यावर गंज, नटांभोवती ग्रीसचे ओघळ, बस. क्रोम उतरवायला घरातलं साधं ब्लीच पुरतं, पार्ट बुडवून ठेवायचे, काही मिनिटांत उतरायला लागतो. खाली लाखेचा पातळ थर राहतो, तो वेगळा घासावा लागतो. एक सांगून ठेवतो, ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळू नका, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ॲसिड असतं आणि दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तर अजिबातच नको.

किट युरोपियन ट्रॅक्टर युनिटचा (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचा) आहे, तीन एक्सलवाला, मी त्याचा आपला कांद्याचा ट्रक केला. केबिन युरोपियन आणि हौदा पिंपळगावचा, हे लग्न कसं जमणार असं मित्र म्हणाले. मी म्हटलं 1998 पासून व्होल्वोच्या गाड्या भारतात धावतायत, कोणीतरी हौदा बांधलाच असेल, आणि नसेल तर मी बांधतो. चासी लांबवायला प्लास्टिकच्या पट्ट्या लागल्या, इंपोर्टेड पट्ट्यांचे भाव बघून मी अंबडला ॲक्रिलिकचं काम करणाऱ्याकडून उरलेले तुकडे आणले. चिकटवायला टामियाचा हिरव्या झाकणाचा एक्स्ट्रा थिन गोंद, महाग आहे पण इथे पैसे वाचवू नका. ॲक्रिलिकवाले वापरतात तो क्लोरोफॉर्म स्वस्त पडतो पण बारीक पार्ट विरघळवतो, डोकं धरतं ते वेगळंच, आणि तब्येतीलाही वाईट.

1/24 ची मजा ही की हिशोब सोपा. दोन फुटाला एक इंच. 24 फुटी हौदा म्हणजे बरोबर 12 इंच. फळ्यांना कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या घेतल्या, फाळक्याला खोट्या दागिन्यांची साखळी. पण हाच हिशोब उलटा लावला की किटचं पितळ उघडं पडतं. मडगार्डची कड दीड मिलिमीटर जाड आहे, म्हणजे खऱ्या गाडीवर 36 मिलिमीटरचा पत्रा! रणगाड्याला ठीक आहे. सगळ्या कडा आतून तिरप्या तासून पातळ केल्या, काम कंटाळवाणं आहे पण फरक एवढा पडतो की रंग द्यायच्या आधीच ट्रक खरा वाटायला लागतो.

स्टीअरिंग डावीकडे होतं ते उजवीकडे घेतलं. डॅशबोर्ड मधून कापून बाजू बदलायच्या, पेडलं हलवायची, हे सगळे करतात. वायपर विसरतात. स्टीअरिंग बदललं की वायपरची दिशाही उलटी करावी लागते, नाहीतर ड्रायव्हरसमोरची काच पुसलीच जात नाही. एअरलाइनला (ब्रेकच्या हवेच्या नळ्यांना) जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा. रंग नॅशनल परमिटचा तो सुक्या पानाचा तपकिरी आणि पांढरी किनार, जुन्या नियमातली 30 सेंटिमीटर म्हणजे मॉडेलवर साडेबारा मिलिमीटर. नंबरप्लेट पिवळी, एमएच 15, फोटो पेपरवर छापली. मागे हॉर्न ओके प्लीज लिहिलंय. 2015 ला महाराष्ट्र सरकारने ते लिहायला बंदी घातली हे मला माहीत आहे, पण माझी गाडी जुनी आहे.

धुळीसाठी इंपोर्टेड पिगमेंटची छोटी डबी चारशे-पाचशेला सांगतात. मी मुलतानी माती आणि गेरू वापरला, दोन्ही मिळून चाळीस रुपये, वस्त्रगाळ करून मऊ ब्रशने टिपायचं. वरून मॅट स्प्रे मारला की धूळ जराशी दिसेनाशी होते, म्हणून आधी गरजेपेक्षा जास्त टाकायची. या एका गोष्टीवर मी इतका खूश आहे की किटला परत चार स्टार द्यावेसे वाटतात, पण ती मुलतानी मातीची करामत आहे, किटची नाही.

परत टायरवर येतो. वितळणं बाजूला ठेवा, दिसायलाही ते वाईटच. प्रत्येक टायरच्या नक्षीवर मधोमध साच्याची शिवण, गोल फिरलेली. व्हिनाइल घासलं तर कापसासारखं फुसफुसतं. फ्रीजरमध्ये कडक करून घासायची युक्ती आहे, ती थोडीफार चालते, पण मटारच्या पिशवीशेजारी टायर बघून घरात जे ऐकावं लागतं त्याची तयारी ठेवा. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे टायर गच्च हवा भरलेले, पूर्ण गोल. आमचे काका, ज्यांनी निम्मं आयुष्य कसारा घाट चढण्या-उतरण्यात घालवलंय, त्यांना मॉडेल दाखवलं. रंग नाही, नंबर नाही, काही बघितलं नाही, वाकून थेट चाकं बघितली.

"गाडी रिकामी आहे का रे?"

"नाही काका, कांदा भरणार आहे."

"मग पाटे असे कमानदार कसे? आणि टायर बसलेला कुठंय? दहा-बारा टन माल टाकलास तर गाडी अशी टाचा वर करून उभी राहील?"

झालं. (पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या.) त्यानंतर मला त्या ट्रकमध्ये दुसरं काही दिसेचना. भरलेल्या गाडीचा टायर जमिनीला लागतो तिथे अडीच-तीन सेंटिमीटर दबतो, मॉडेलवर जेमतेम एक मिलिमीटर, पण डोळ्याला तो कळतो. मऊ व्हिनाइल तासून सपाट होत नाही. म्हणून कडक टायर हवे. बाहेरून मागवलेल्या रेझिनच्या (साच्यात ओतून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या) चाकांच्या सेटचा भाव बघितला आणि टॅब बंद केला.

इथे आपलं नाशिक कामाला आलं. पंचवटीत गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे साच्याचं सिलिकॉन डब्याच्या तळाशी उरलेलं होतं, त्याने ते मला चहाच्या बदल्यात दिलं. एक टायर शिवण काढून, बारीक पुटी भरून नीट केला, त्यावर सिलिकॉन ओतलं, दुसऱ्या दिवशी साचा तयार. कास्टिंगला पॉलियुरेथेन रेझिन, त्यात थोडा काळा रंग. सावकाश, एका कोपऱ्यातून ओतायचं, नाहीतर नक्षीत बुडबुडे अडकतात. आणि हे काम पावसाळ्याआधी उरका, हे रेझिन ओलावा धरतं आणि फसफसतं, जुलैत ओतलेला टायर ब्रेडच्या स्लाइससारखा भोकाभोकांचा निघतो असं मूर्तीवाल्याने आधीच बजावलं होतं.

निघालेला टायर कडक. खालची बाजू पॉलिश पेपरवर घासून मिलिमीटरभर सपाट केली, आणि बाजूला किंचित फुगवटा दिसावा म्हणून तिथे पुटी चढवली. पाट्यांची एक-दोन पानं काढून, उरलेल्या पाट्याला गरम पाण्यात धरून कमान कमी केली. रंग कधीच पूर्ण काळा द्यायचा नाही, गडद करडा, आणि नक्षीच्या खाचांत मुलतानी माती. एक तांत्रिक गोष्ट, किटचे टायर युरोपातल्या 315/80 आर 22.5 मापाचे, खरा व्यास 1076 मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडच्या 10.00 आर 20 चा 1050 च्या आसपास. म्हणजे मॉडेलवर एका मिलिमीटरचा फरक, तो मी सोडून दिला. काकांनी अजून पकडला नाहीये.

माल भरायचा राहिला होता. पाच सेंटिमीटरचा कांदा 1/24 मध्ये दोन मिलिमीटरचा होतो, म्हणजे मोठी मोहरी! लालसर गुलाबी रंगात घोळवून वाळवली, मेडिकलमधला गॉज लाल रंगवून त्याच्या गोण्या शिवल्या, सगळ्या गोण्या मोहरीच्या केल्या तर वर्ष जाईल म्हणून फक्त वरच्या दोन थरांत खरी मोहरी, खाली थर्माकोल. वर अर्धी ताडपत्री, चहाच्या पुड्याच्या आतल्या कागदाची. आता गाडी बसली. खरंच बसली, जड दिसते.

तर स्टार. टायर आणि रिम मिळून एक. इंजिन, केबिन आणि चासीला साडेचार. विक्रेत्याला शून्य, तो किटमध्ये मोजत नाही. वरती लिहायला बसलो तेव्हा दोनच द्यायचे ठरवलं होतं, पण ज्या चासीवर हा सगळा उद्योग इतका सरळ बसला ती वाईट म्हणवत नाही, म्हणून तीन. टायरचा सेट बदलून विकला तर साडेचार परत देतो. घ्यायचा असेल तर बजेट करतानाच चाकांसाठी हजारभर बाजूला काढा, एअरब्रश नंतर घेतला तरी चालेल. आणि किट उघडल्या उघडल्या टायर प्लास्टिकच्या पार्टपासून वेगळे काढून ठेवा, खोक्यात पडल्या पडल्यासुद्धा ते शेजारच्या पार्टला चिकटतात.

साचा अजून धड आहे, दहा-पंधरा टायर आरामात निघतील. नाशकात कुणी हाच किट बांधत असेल तर येऊन ओतून न्या, रेझिन मात्र आपापलं आणायचं.