छताला टांगायचं पुलीवालं कपड्यांचं स्टँड: एक आख्खा पावसाळा वापरल्यानंतर

गुढीपाडव्याच्या सुमारास घेतलं होतं, आता दिवाळीची साफसफाई चालू आहे, म्हणजे मुंबईचा आख्खा पावसाळा आणि ऑक्टोबर हीट दोन्ही बघून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, गेल्या काही वर्षांत घरात जे काही आणलं त्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच. पण घेताना काही गोष्टी दुकानदार सांगत नाही, त्या सांगायच्यात म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, सहा स्टीलचे पाइप असतात, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना दोरी, त्या दोऱ्या छताला लावलेल्या पुल्यांवरून भिंतीकडे येतात आणि तिथल्या हुकाला गुंडाळून ठेवायच्या. पाइप छातीपर्यंत खाली घ्यायचा, कपडे घालायचे, दोरी ओढून वर. आणि सहाही पाइप वेगवेगळे खालीवर होतात, हे सगळ्यात महत्त्वाचं. एक सबंध जाळी खाली येते तसं मॉडेलही मिळतं, ते घेऊ नका, एक रुमाल काढायला सगळे ओले कपडे डोक्यावर घ्यावे लागतात.

माझं माहेर लालबागच्या चाळीतलं. तिथे छताजवळ वलणी असायची आणि आजी काठीनं नऊवारी त्यावर टाकायची, मग काठीच्याच टोकानं ती हळूहळू सरकवत पसरवायची, शेवटी खालचा काठ हातानं ओढला की एक सुरकुती दिसायची नाही. बघायला फार छान वाटायचं पण मान वर करून हात ताणून रोज बादलीभर कपडे असे वाळत घालायचे म्हणजे खांद्याची वाट लागते, आईचा उजवा खांदा अजून दुखतो. तर काठी वर न्यायच्याऐवजी वलणीच खाली आणायची, एवढीच ही आयडिया आहे. ना मोटर, ना लाइट, ना बॅटरी. इतकी साधी गोष्ट घरोघरी यायला इतकी वर्षं का लागली याचं मला खरंच नवल वाटतं.

आता पावसाळ्याचं. आम्ही भांडुपला वन बीएचकेत राहतो, बाल्कनी नाही, खिडकीला ग्रिल आहे पण पावसाची झड आली की तिथले कपडे परत भिजतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की ऑक्टोबर उजाडेपर्यंत खुर्च्यांच्या पाठी, दाराच्या कडा, फ्रीजचं हँडल, सगळीकडे कपडे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच एवढा दमटपणा असतो की कपड्यातलं पाणी जायला जागाच नसते, आणि कपडा फार वेळ ओला राहिला की त्यात बॅक्टेरिया वाढतात, तो कुबट वास त्यांचाच. यावर उपाय म्हणजे वारा. ओल्या कपड्याला लागून जी दमट हवा अडकून बसते ती सतत हलली पाहिजे. छताखाली पाइप वेगवेगळ्या उंचीवर ठेवले, मधे एक पाइप रिकामा सोडला आणि टेबल फॅन तिरका वर करून लावला की रात्री टाकलेले टीशर्ट सकाळी घालण्याजोगे होतात. जीन्सला मात्र दुसरा दिवस लागतोच, उगाच खोटं कशाला सांगू. आणि खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर सगळी ओल भिंतीत जाते आणि कोपऱ्यात बुरशी धरते.

फिटिंगबद्दल नीट वाचा. हे फक्त आरसीसी स्लॅबलाच लावायचं, पीओपीच्या खोट्या सीलिंगला अजिबात नाही. ड्रिलनं भोक पाडून आत गिट्टी बसवतात आणि त्यात स्क्रू. ही प्लॅस्टिकची गिट्टी म्हणजे पण काय डोकं आहे बघा, स्क्रू आत जाईल तशी ती फुगते आणि भोकाच्या भिंतीला घट्ट दाबून बसते. आर्टुर फिशर नावाच्या जर्मन माणसानं १९५८ मध्ये नायलॉनची बनवली आणि आज जगभर भिंतीभिंतीत ती आहे. पण ती धरते ती काँक्रीटला. जुन्या बिल्डिंगमध्ये प्लास्टर जाड असतं आणि छोटी गिट्टी प्लास्टरमध्येच राहते, आमच्याकडे फिटिंगवाल्या दादांनी ड्रिलमधून पांढरी भुकटी यायची थांबून करडी यायला लागेपर्यंत भोक खोल नेलं आणि मगच लांब गिट्टी घातली. तुमच्याकडे पण उभं राहून हे बघा. वरून गळती असेल, स्लॅबचे पोपडे पडत असतील तर आधी ते काम, मग हे.

स्टीलचं सांगते. दुकानात सगळेच ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील म्हणून विकतात आणि वर मॅग्नेट लावून दाखवतात, बघा चिकटत नाही म्हणून. त्यानं काही सिद्ध होत नाही कारण स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टीलसुद्धा सहसा मॅग्नेटला चिकटत नाही. ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या आसपास असतं, २०२ मध्ये त्याहून कमी आणि त्याऐवजी मँगनीज जास्त, म्हणून खाऱ्या हवेत २०२ लवकर गंजतं. प्रभादेवी, वर्सोवा असं समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पैसे वाचवू नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. पांढऱ्या शर्टावर गंजाचा डाग पडला तर तो सहजी जात नाही. आमचे पाइप अजून स्वच्छ आहेत, पुलीच्या आतल्या पिना मात्र थोड्या लाल झाल्यात.

सगळ्यात कच्चा भाग म्हणजे दोरी. सोबत नायलॉनची येते. नायलॉन पाणी शोषतं आणि ताणलं जातं, त्यामुळे भर पावसात आमच्या दोन पाइपांचं एक टोक खाली झुकायला लागलं, हँगर सगळे घसरून एका बाजूला गोळा. ऑगस्टमध्ये एक दोरी पुलीजवळ सुटायला लागली, तंतू केसासारखे बाहेर आलेले दिसले, लगेच बदलली. आता पॉलिस्टरची विणलेली दोरी लावलीय, ती ओलसर हवेत तेवढी ताणत नाही. कंपनीनं हीच आधी द्यायला पाहिजे, फरक असून असून किती पैशांचा असणार. कस्टमर केअरला दोरी मागितली तर नुसते फोन फिरवत बसले, शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून घेतली.

वजनाचं पण लक्षात घ्या. वरची पुली एका जागी पक्की असते, त्यामुळे फक्त ओढायची दिशा बदलते, जोर कमी लागत नाही. पाच किलोचे ओले कपडे असतील तर पाच किलोचाच जोर, घर्षण धरलं तर थोडा जास्तच. पाइपबरोबर खालीवर होणारी अजून एक पुली दिली असती तर जोर जवळपास निम्मा झाला असता, दोरी दुप्पट ओढावी लागली असती एवढंच, आणि वयस्कर माणसांसाठी ते फार बरं पडलं असतं. सासूबाईंना एका पाइपवर चादर असली की जड जातं, म्हणून चादरी वर न्यायचं काम घरातल्या इतरांचं.

आम्ही घरी केलेल्या सुधारणा: दोऱ्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगाची नेलपॉलिश, म्हणजे कुठली दोरी कुठल्या पाइपची ते लगेच कळतं. पाइपवर वीतभर अंतरानं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, हँगर घसरायचे बंद झाले. आणि दोरी हुकाला नुसती गोल न गुंडाळता इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन-तीन वेळा घालायची, मग ती आपोआप सुटत नाही. हात निसटला तर पाइप धाडकन खाली येतो, त्यासाठी पडद्याच्या दोरीला असतो तसा लॉक हवा होता. लहान मूल असेल तर उरलेली दोरी उंच बांधा, लोंबकळती ठेवू नका.

फिटिंगसकट साडेतीन हजार गेले. भाड्याच्या घरात असाल तर स्लॅबला बारा भोकं पाडायच्या आधी मालकाला विचारा, आणि ज्यांचा सीलिंग फॅन खोलीच्या मधोमध आहे आणि खोली दहा बाय दहाच्या आतली आहे त्यांनी आधी पंख्याच्या पात्यापासून भिंतीपर्यंत टेपनं माप घ्या. सव्वादोन-अडीच फूट मोकळे मिळत असतील तर सहाऐवजी चार पाइपवालं घ्या, ते बसतं.